दिवाणातली घांगळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर जीभच उचलत नाही माझी.

आधी गिटारचं सांगते. म्हणजे मुद्द्यापासून लांब पळतेय, कळतंय मला. पण सुरुवात तिथूनच झाली.

मी जव्हारला शाळेत विज्ञान शिकवते. पंचेचाळिशी उलटली, मुलगी शिकायला नाशिकला गेली, आणि घर असं खायला उठलं की एक दिवस मी सरळ जाऊन इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. लालभडक. मोबाईलवर बघून बघून शिकायला लागले. नवरा म्हणाला, "या वयात बायका गुडघ्यांना तेल चोळतात, तू बोटांना घट्टे पाडून घे!" शाळेतही हसले सगळे. हसा लेको, म्हटलं. कानाला हेडफोन लावून वाजवत बसायचे, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. खरं सांगू? आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी फक्त माझं होतं.

मग नाद लागला. जुना बेंजो आणला. एका लग्नाच्या बँडवाल्याची ढोलकी आणली. खोडाळ्याच्या बाजारात फुंकून वाजवायचा तारपा मिळाला. हॉलची भिंत भरत गेली. लोक बघायला यायचे, पाहुण्यांना घेऊन यायचे — "बाई, तुमचं घर म्हणजे संग्रहालयच की!" आणि मी चढले हरभऱ्याच्या झाडावर. भिंतीच्या मधोमध एक जागा मात्र मोकळी ठेवली होती. तिथं काय हवं ते मला पक्कं ठाऊक होतं.

माझे चुलते वावर गावाच्या पुढे वांगणीला राहतात. आम्ही त्यांना थोरले बाबा म्हणतो. त्यांच्याकडे घांगळी होती — बांबूचा दांडा, खाली दोन भोपळे, वर तारा, टोकाला मोरपीस. त्यांच्या बापाची. नवं धान घरात आलं की थोरले बाबा ती मांडीवर घ्यायचे आणि कणसरीची कथा लावायचे. कणसरी म्हणजे आमची धानाची आई. तिची कथा झाल्याशिवाय त्या घरात नवा भात शिजत नसे. लहानपणी मी समोर बसून ऐकायची. हात लावायची मुभा नव्हती. घांगळी बापाकडून मुलाकडे जाते, मुलीचा तिथं काय संबंध?

मी एकदा त्यांना गिटार दाखवायला नेली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, वाजवून बघितली आणि म्हणाले, "हिला पोट कुठंय बाय? पोटाबिगर बोलंल कशी?" खूप हसलो आम्ही. त्याच हसण्यात मी म्हणून घेतलं, बाबा, घांगळी मला द्या ना, जपून ठेवीन. ते हसायचे थांबले. म्हणाले, माझ्यामागं ती लहानूची.

लहानू त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. पाऊस संपला की वीटभट्टीवर जायचा, आला की प्यायचा. पण घांगळी शिकत होता, बापासमोर बसून, अगदी मन लावून. हे मी पाहिलं होतं. तरीही मनात आलं — याच्या हाती जाणार ती?

आवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत मी परत गेले. सगळे खाचरात होते, घरात मांजर तेवढं. मी माळ्यावर चढले, घांगळी काढली, गोधडीत गुंडाळली आणि गाडीच्या डिकीत ठेवली. मग खाचरावर जाऊन काकूंच्या हातचा चहासुद्धा प्यायले. म्हटलं, तारा बदलू, वाळवीचं औषध लावू, आठ दिवसांत परत ठेवू. हे मी स्वतःला सांगितलं. परत ठेवायचीच होती तर विचारून का नाही नेली?

घरी आणली आणि त्या मोकळ्या जागेवर लावायची हिंमत झाली नाही. हॉलमध्ये दिवाण आहे, फळी उचलली की खाली पेटीसारखी जागा. तिथं ठेवली. ती अजून तिथंच आहे.

भात कापणीला आला तेव्हा थोरले बाबा घांगळी पुसायला माळ्यावर चढले, तर जागा रिकामी. मग काय — लहानूशिवाय कुणाचं नाव येणार होतं? पितो, पैसे उडवतो, यानंच विकली असणार. मला फोन आला. बाय, तू शिकलेली, तू ये, काय ते ठरव. आणि मी गेले! ऐकताय ना? कुंपणानंच शेत खाल्लं, आणि कुंपणालाच न्यायाला बसवलं.

ओसरीवर सगळे होते. लहानू खाली मान घालून उभा. थोरल्या बाबांनी मला विचारलं, काय करायचं बाय? माझ्या तोंडून निघालं, त्याला आण घ्यायला लावा. मला वाटलं, तो खरंच बोलणार आहे, घेईल आण आणि सुटेल. वाटलं की वाटून घेतलं, आता सांगता येत नाही. लहानूनं मुठीत नव्या भाताचे दाणे घेतले आणि कणसरीची आण घेतली की मी घांगळीला हात लावला असेल तर हे दाणे माझ्या अंगी लागू नयेत. काकू रडत होत्या. मी त्याच्या मुठीकडे बघत होते.

आणि त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आला. कापलेला भात खाचरात पडलेला, त्याला कोंब फुटले. साऱ्या पाड्यानं एकच म्हटलं — खोटी आण घेतली, कणसरी रुसली. थोरल्या बाबांनी लहानूला घराबाहेर काढलं.

मी विज्ञान शिकवते हो. पाऊस कसा पडतो ते फळ्यावर बाण काढून दाखवते. एवढंच म्हणायचं होतं की आणेचा आणि पावसाचा काही संबंध नसतो. तेवढंही बोलले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

पण हेही नाही सांगायचं मला. हे तर त्यामानानं बरंच म्हणायचं.

पुढच्या पावसाळ्यात लहानू माझ्याकडे आला. वाळला होता, पण प्यालेला नव्हता. दारू सोडली म्हणाला. मी चहा ठेवला. तो दिवाणावर बसला — हो, त्याच. म्हणाला, बाय, तू बाजार धुंडाळतेस, कुठं दिसली तर कळव, बाबा थकलेत. मी म्हटलं, बघते. मग त्यानं भिंतीवरची वाद्यं एकेक करून बघितली. आणि म्हणाला, "त्या दिसांत मी लय प्यायचो. कायपण आठवत नाय. बाय — माझ्याच हातून गेली असंल का?"

माझ्याकडे बघून विचारलं त्यानं. शिकलेल्या बहिणीला विचारतात तसं. फळी उचलायला किती वेळ लागला असता?

मी म्हटलं, "असेल रे."

तो मान हलवत राहिला. मग उठला, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि गेला. तिथून थेट वांगणीला. बापाचे पाय धरले आणि सांगितलं, मीच विकली, नशेत, कुणाला ते आठवत नाही. थोरले बाबा रडले म्हणे. त्याला घरात घेतलं. काकूंचा फोन आला — "बाय, तुझ्या शब्दानं पोर शुद्धीवर आलं गं, देव तुझं भलं करो."

आता कशी नेऊ परत? नेली तर लहानूनं न केलेली चोरी का कबूल केली, हे सांगावं लागेल. नाही नेली तर — नाही नेली तर हे असंच. गिटार हाती घेते, त्याच दिवाणावर बसून वाजवते. दुसरी खोली आहे घरात. तिथं जमत नाही.

यंदा त्या घरात नवा भात कथेविनाच शिजला. थोरले बाबा आता अंथरुणाला खिळलेत. दिवाळीनंतर लहानू आला, काकूंनी दिलेल्या नव्या तांदळाची पिशवी घेऊन. बाय, पहिला वाटा तुझा, म्हणाला. उंबऱ्यातूनच परत गेला, शेवटची एसटी गाठायची होती त्याला.

मी तो भात शिजवला. आणि जेवले.