तिरकं धरल्यावर दिसणारी मुलगी

या धाग्यावरचे अनुभव मी हसायला वाचते, हे आधीच कबूल करते. भुतंखेतं, अंगात येणं... काडीचा विश्वास नाही. लेझरवर पीएच.डी. केलेल्या बाईने ठेवूही नये. तरी लिहितेय.

२००४ चा फॉल, म्हणजे पानगळीचा सीझन; अमेरिकेतलं स्टेट कॉलेज नावाचं विद्यापीठाचं गाव. आमच्या लॅबमध्ये आयडी कार्डांवर काम चालायचं. फोटो छापायचा नाही, लेझरने प्लॅस्टिकच्या आतल्या थरात उमटवायचा — म्हणजे तो खोडून दुसऱ्याचा चिकटवता येत नाही. कार्ड सरळ धरलं की एक फोटो, तिरकं धरलं की त्याच माणसाचा दुसरा. दोन्ही चेहरे जुळले तरच कार्ड खरं.

मंदार पोंक्षे माझा लॅबमेट. मला तो प्रचंड आवडायचा, पण सांगायची हिंमत नव्हती. डिसेंबरात तो मुली बघायला पुण्याला जाणार होता आणि मी न पाहिलेल्या त्या सगळ्या मुलींवर आत्तापासूनच जळत होते.

एका दुपारी लॅबमध्ये एकटीच होते. सॅम्पल कार्डासाठी स्वतःचेच दोन फोटो घातले आणि नावाच्या जागी टाइप केलं — मीनल मंदार पोंक्षे. हसू नका, वहीच्या मागच्या पानावर हा उद्योग तुम्हीही केला असेल!

कार्ड बाहेर आलं. सरळ धरलं — मी. तिरकं धरलं — भलतीच कोणीतरी! उभट चेहरा, हनुवटीवर तीळ. मशीनमध्ये फाइल्स दोनच, दोन्ही माझ्या. तीनदा तपासलं. घाबरायला हवं होतं, पण खरं सांगू? मला संताप आला. माझ्या नि मंदारच्या मध्ये ही कोण घुसली? ब्लेडने खरवडत बसले. वरचं प्लॅस्टिक निघालं, ती काही निघेना.

मंदार लग्न करूनच परतला. मी फोटो बघायचे टाळले, तिचं नावसुद्धा विचारलं नाही. मार्चमध्ये व्हिसा मिळून ती आली आणि तो तिला आमच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, घेऊन आला.

उभट चेहरा. हनुवटीवर तीळ.

"अगं, ही पण मीनलच," मंदार घाईघाईने म्हणाला.

"माहेरची मी स्वाती," ती हसली. "लग्नात नाव बदललं. ह्यांनीच सुचवलं, ह्यांना म्हणे पहिल्यापासून फार आवडतं."

मंदार माझ्याकडे बघत नव्हता. एवढं आवडत होतं तर एकदा बोलायचंस ना रे... मीही कुठे बोलले म्हणा.

कार्ड अजून माझ्याकडे आहे. लेझर कळणाऱ्या दोघांना दाखवलं, उत्तर कोणाकडेच नाही. मी मात्र ते बघून अजून जळते. नाव तिचं, नवरा तिचा, आडनाव तिचं. त्या कार्डावर खोटा फोटो एकच आहे — माझा.