पाच नंबरचा पाय

"तिथेच थांब, आत येऊ नको, लादी पुसलीय," म्हणत बाईसाहेबांनी पायरीवर खोका ठेवला. आत बूट होते. तपकिरी, जाड चामड्याचे, डोंगर चढायचे. त्यांच्या भावाने परदेशातून भाचीसाठी, म्हणजे बाईसाहेबांच्या मुलीसाठी पाठवलेले.

"तुझा न् हिचा नंबर एकच ने? पाच. महिनाभर घालून जरा रुळवून दे. हिला हिमालयातल्या कोर्सला फोड यायला नकोत." मग हसल्या. "तुमच्या लोकांना चामड्याची सवय असते ने."

माझे वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर. आमच्या घरात चामडं एकच, त्यांच्या कमरेचा पट्टा. हे तेव्हाच तोंडावर सांगायला हवं होतं. मी "हो" म्हणाले आणि खोका उचलला.

त्यांची मुलगी आणि मी एका कॉलेजात, एका वर्गात, एकाच गिर्यारोहण क्लबात. बडोदा संस्थानच्या काळात तिचे पणजोबा मोठे कारभारी होते आणि घराचा तोरा अजून तोच होता. ती मला नावाने हाक मारायची. मी तिला ताई म्हणायची. वयात सहा महिन्यांचंही अंतर नव्हतं.

पावागढचा डोंगर मात्र मी तिच्या आधी चढायची. नेहमी. ती अर्ध्यावर माचीला लिंबूसरबत पीत बसलेली असायची, तोवर मी माथ्यावरून परत फिरलेली. हिमालयातल्या कोर्सला क्लबातून एकच मुलगी जाणार होती. नाव लागलं तिचं. सर माझी नजर चुकवत म्हणाले, "आवता वर्षे तारो नंबर." पुढच्या वर्षी तुझा नंबर. पुढचं वर्ष कशाला, दुसऱ्याच दिवशी लागला माझा नंबर. पाच.

पहिल्या रविवारी बुटांनी टाचा सोलून काढल्या. मोजा रक्ताने चिकटला. आईने खोबरेल लावलं. म्हणाली, "जाऊ दे ने बेटा. मोठी माणसं, उद्या कामाला येतील." मी जळत होते. मत्सर वगैरे पुस्तकी शब्द नकोत. जळत होते. माझ्या पायाला फोड आणि तिच्या पायाला बर्फ, हा कुठला न्याय?

आणि लाज वाटते सांगायला, मला ते बूट आवडायला लागले. तिसऱ्या रविवारी ते चावेनासे झाले. चौथ्या रविवारी मी त्यांत पळत वर गेले. माझ्या डाव्या पायाच्या करंगळीचं हाड बाहेर आलेलं आहे. तिथे चामड्याला फुगवटा आला होता. मी बूट पुसले, पॉलिश केले आणि त्याच पायरीवर नेऊन ठेवले.

माझं पुढचं वर्ष काही आलं नाही. कॉलेज संपलं, मी मकरपुऱ्याच्या कारखान्यात लागले, बेअरिंग तपासायला. ती शिखरांमागून शिखरं चढत गेली. एकदा कँटीनमध्ये पेपरात तिचा फोटो दिसला. बर्फात ती, हातात तिरंगा. सगळ्यांनी तिचं तोंड पाहिलं. मी डावा बूट पाहिला. करंगळीपाशी फुगवटा. माझं हाड शिखरावर जाऊन आलं होतं आणि मी इथे डबा खात होते. मी डबा बंद केला.

मग ती दक्षिण ध्रुवावर निघाली. बडोद्यात सत्कार झाला. मीही गेले, मागच्या रांगेत बसले. स्टेजवर टेबलावर तेच बूट ठेवलेले, झेंडूचा हार घालून. कुणीतरी विचारलं, एवढ्या चढाईत बूट चावले नाहीत का? ती हसली. म्हणाली, "पहिल्या दिवसापासून कधीच नाही. बूटसुद्धा माणूस ओळखतात."

टाळ्या पडल्या. मी उभी राहिले.

"चावले होते. मला."

लोकांनी मागे वळून पाहिलं. तिने मला ओळखलं. माइकपासून तोंड फिरवून ती पाणी प्यायली. सूत्रसंचालक म्हणाला, "बेन, बेसी जाओ," हाताने खाली बसायची खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला.

कार्यक्रम संपल्यावर बाईसाहेबांनी मला दारात गाठलं. मला वाटलं, आता बोलणी खाणार. पण त्यांचा आवाज गोड होता. "चारचौघांत असं बोलतात का, वेडी? ये ने उद्या घरी. ध्रुवासाठी नवे बूट आलेत. तुझ्यासारखे कोण रुळवणार?"

माझा पाय त्यांना अजून स्वतःच्या घरचाच वाटत होता. इतकी वर्षं तिच्यावर जळले. त्या क्षणी कळलं, तिने काही हिसकावलं नव्हतं. पाय मीच उचलून दिला होता, "हो" म्हणून.

"नाही," मी म्हणाले. "ज्याचे बूट, त्याचे फोड."

त्यांचा चेहरा काय झाला ते पाहायला थांबले नाही. बस पकडली.

ती ध्रुवावर पोचली. पेढे वाटले गेले, कारखान्यातही. मी खाल्ला नाही. माझं जळणं गेलेलं नाही आणि मी ते विझवणारही नाही. कोर्सचा फॉर्म मी क्लबाला न विचारता थेट हिमालयातल्या संस्थेला पाठवला. वयाची अट अजून ओलांडलेली नाही. नाही म्हणाले तर पुन्हा पाठवीन.

नवे बूट घेतलेत. पाच नंबर. रविवारी पावागढला घालते, बाकीचे दिवस कारखान्यात. सुपरवायझर हसतो. टाचा सोलल्यात, डावी करंगळी ठणकते.

चावतात. चावू देत. माझे आहेत.