दुसरा ब्रेक

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती पाटी वाचून. तोवर दिवस झकास चालला होता.

बाई म्हणजे ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई. पंचाहत्तरी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पण आवाज अजून चौकापलीकडे ऐकू जातो. आयुष्यभर त्यांनी बायकांना गाडी शिकवली. तीही कधी? स्टिअरिंगवर बाई दिसली की लोक फुटपाथवर थांबून दात काढायचे, तेव्हा. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाला त्यांना ओढून आणलं ते दोन मैत्रिणींनी. एक शिवणकाम करणारी, एक रिटायर झालेली नर्स. दोघीही मूळच्या त्यांच्याच शिष्या.

मैदानभर चकचकीत गाड्या, भोवती दोर, दोरावर ‘हात लावू नये’. तिघी मजेत हिंडत होत्या, प्रत्येक गाडीला नावं ठेवत होत्या. तेवढ्यात नर्स किंचाळली, “अगं बाई! ही तर आपली! हिनंच मी दवाखान्याचं फाटक पाडलं!”

खरंच ती होती. करडी, गोल दिव्यांची. बाईंची पहिली गाडी. नवी घेतली तेव्हा ही त्यांनी एका शिष्येलाच दिली होती. बाईंचा चेहरा असा फुलला की काय सांगावं. मग त्यांनी पाटी वाचली. ‘माझ्या वडिलांची गाडी. कायम एकाच हातात. एकदाही धक्का लागलेला नाही.’

“एकाच हातात?” बाई कडाडल्या. “अर्ध्या गावातल्या बायकांनी हिचे गिअर खरवडलेत!”

दोर ओलांडून त्यांनी आत डोकावलं. शेजारच्या सीटपुढचा दुसरा ब्रेक गायब. तो बाईंचा ब्रेक. शिकणारी घाबरून भलतंच पेडल दाबायची तेव्हा बाई इकडून तो दाबायच्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांचा पाय त्या ब्रेकवर होता, आणि कुणाला साधं खरचटलं नाही. तिथं आता गुळगुळीत नवा पत्रा होता.

गाडीचा मालक धावत आला. चाळिशीचा, कडक इस्त्रीतला.

“आजी, बाहेर या. तो ब्रेक मागाहून कुणीतरी बसवला होता. कंपनीतून आली तशी केलीय मी. नाहीतर परीक्षक गुण कापतात.”

“कुणीतरी? ते कुणीतरी म्हणजे मी! आणि आजी कुणाला म्हणतोस रे?”

“तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. ही बाबांची गाडी. माझ्या आईलासुद्धा त्यांनीच शिकवलं. विचारा हवं तर.”

गाडीमागे घडीच्या खुर्चीवर त्याची आई बसली होती. बाईंनी तिला बघताक्षणी ओळखलं. हिलाच तर दिली होती गाडी! मागच्या गल्लीतून लपतछपत शिकायला यायची, चढावर गाडी थांबली की रडायला लागायची. किती समजूत काढली होती हिची.

“आई, या बाईंना ओळखतेस का?” मुलानं विचारलं.

ती पर्सच्या बंदाशी चाळा करत म्हणाली, “नाही.”

कुणी थोबाडीत मारली असती तरी बाईंनी उलटून दिली असती. इथं त्या दोराकडे परत वळल्या. शिवणवाली मात्र भडकली. “लाज नाही वाटत? यांच्याच जिवावर शिकलीस आणि तोंडावर नाही म्हणतेस?”

“राहू दे गं,” बाई म्हणाल्या. “चला आपण.” त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मैत्रिणींनी आजवर ऐकला नव्हता. त्या खुर्चीवालीनंही नसावा, कारण ती उठली.

“थांबा, बाई.” मग मुलाकडे वळली. “तुझ्या बाबांना गाडी येत नव्हती.”

“काय?”

“कधीच येत नव्हती. मी चालवायचे. फोटोपुरते ते स्टिअरिंगवर बसायचे, चारचौघांत बरं दिसावं म्हणून. ते गेले तेव्हा तू जेमतेम चार वर्षांचा. बापाची एखादी तरी गोष्ट तुझ्यापाशी असावी, म्हणून मी खोटं बोलत राहिले. मला या बाईंनी शिकवलं.”

मुलाचं तोंड पांढरं पडलं. “आई, परीक्षक येतायत. नंतर बोलू ना.”

“इतकी वर्षं नंतरच चाललंय!” तिनं पाटी उचकटली, खुर्चीवर ठेवली आणि वर ठाण मांडून बसली.

परीक्षक आले, हातात पेन. “या गाडीची माहिती कुठाय?”

“तिच्यावर मी बसलेय,” ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. “या बाई सांगतील ते लिहा.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. राग काही गेला नव्हता. असा कसा जाईल? पण त्यांनी घसा खाकरला, आणि पलीकडच्या रांगेतली माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

“लिहा. ही शिकाऊ गाडी आहे. हिला पुष्कळ धक्के लागलेत. ज्यांनी दिले त्या सगळ्या पुढे आपापल्या गाड्या घेऊन रस्त्यावर निघाल्या. लिहिलंत? आता कापा किती गुण कापायचे ते!”