केरामावशीला विचारायचं राहून गेलं

आमच्या वॉर्डात मला कडक सिस्टर म्हणतात. तोंडावर शिवलीला सिस्टर, पाठ वळली की कडक. मला त्याचं काही वाटत नाही. बावीस वर्षं नोकरी झाली, आणि मी ओरडायची थांबले तर इथे कोण काय करील याचा नेम नाही. पण एका बाईने मला कधी कडक म्हटलं नाही. मी कुणावर ओरडले की ती फरशी पुसता पुसता मान वर करायची आणि म्हणायची, "सिस्टर, च्या घ्या की वाईच. रागानं पित्त व्हतंय." ती केराबाई, आमच्या वॉर्डातली आया. सगळे तिला केरामावशी म्हणायचे. मीही म्हणायचे.

मावशी सांगोल्याकडच्या माळावरची, धनगराची. बहात्तरच्या दुष्काळानंतर चार-पाच वर्षांनी जन्मली एवढंच तिला ठाऊक होतं. शाळा नाही, एका जागी घर नाही. पाऊस संपला की कळप घेऊन निघायचं, खतासाठी शेतकऱ्यांच्या वावरात मेंढरं बसवायची आणि गावाच्या बाहेरच मुक्काम करायचा. लग्न बिरप्पाशी झालं आणि पुढची तीस वर्षंही ती चालतच राहिली. मग गुडघे गेले. कळपाला थांबता येत नाही, हिला चालता येईना. बिरप्पा मेंढरं घेऊन मोहोळच्या बाजूला फिरत राहिला आणि मावशी सोलापुरात एक खोली घेऊन आमच्याकडे कंत्राटी आया म्हणून लागली. "मेंढरं सोडली, आता मानसं राखतीया," म्हणायची.

राखायचीही तशीच. संध्याकाळी घरी जाण्याआधी दारात उभी राहून बोटाने सगळे पेशंट मोजायची. एखादा कमी भरला की जाऊन त्याला जिन्यातून नाहीतर पानटपरीवरून हुडकून आणायची. मी तिची थट्टा करायचे, "मावशी, कानाला खूण करून ठेवा एकेकाच्या." ती हसायची, पण मोजणं सोडायची नाही.

त्या हिवाळ्यात गोवराची साथ आली. आधी पोरं आली, ते अपेक्षितच होतं. मग मोठी माणसं येऊ लागली आणि आमचा वॉर्ड त्यांच्यासाठी वेगळा काढला. गोवर म्हणजे पोराटोरांचं दुखणं, चार दिवस कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा, घरात फोडणी द्यायची नाही, की उतरतो, असंच सगळ्यांना वाटत होतं. धडधाकट बाप्ये धापा टाकत यायचे आणि त्यांच्या बायका सांगायच्या, "आमी गोवरबाईचं सगळं केलं वो, तरी असं कसं?"

डॉक्टर गुरुराज तेव्हा नवीनच आले होते. तरुण, शांत, अक्षर भयंकर. प्रत्येक पेशंटला तेच प्रश्न विचारायचे. वय काय, लहानपणी लस टोचली होती का, गोवर झाला होता का, साखर किंवा किडनीचं काही दुखणं, बाई असेल तर दिवस गेलेत का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि ताप येऊन किती दिवस झाले. कोण वाचेल आणि कोण अवघड आहे हे त्यांना त्या उत्तरांवरून पुष्कळसं कळायचं. मावशी मागे उभी राहून सगळं ऐकायची. आठवड्यात तिला ते प्रश्न पाठ झाले. डॉक्टर यायच्या आतच ती नव्या पेशंटच्या खाटेशी जाऊन विचारून मोकळी व्हायची आणि मला येऊन सांगायची, "सिस्टर, सात लंबरची पोटुशी हाय, तिच्याकडं आधी बगा. बारा लंबरचा साखरंवाला हाय अन् आठ दीस घरातच पडून हुता. त्यो आवघड हाय." बारा नंबरचा तिसऱ्या दिवशी गेला. सात नंबरची वाचली, पोर नाही वाचलं. मावशी तिच्या पायथ्याशी बसून राहिली त्या दिवशी, आणि मी तिला कामाला लाव म्हणून कुणाला सांगितलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगते.

साथ सुरू झाली त्याच आठवड्यात मेट्रनबाईंनी फॉर्म पाठवले होते. गोवराच्या वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकाचा एक. गोवर झाला होता का, लस घेतली का, काही औषध चालू आहे का. ज्यांना झाला नसेल त्यांना लस द्यायची, आणि ज्यांना ती देता येणार नाही त्यांना वॉर्डातून दुसरीकडे हलवायचं, असा हुकूम होता. चौदा फॉर्म होते. दुपारचे राउंड चालू होते, दोन सलाईनी संपत आल्या होत्या, आणि मी चहा पिता पिता ते भरत होते. मावशी समोरून बादली घेऊन चालली होती. मी मान वर न करता विचारलं, "मावशी, गोवर झालाय ना लहानपणी?"

"झालाय की!" ती म्हणाली. "चांगला दणकून."

मी 'होय' लिहिलं. औषधाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. ते मी तिला विचारलंच नाही.

आणि विचारायची गरजसुद्धा नव्हती. नुसतं बघायला हवं होतं. वर्षभरात मावशीचा चेहरा गोल झाला होता, गाल वर आले होते, हातपाय मात्र काटकीच. मी तिला चिडवायचे, "मावशी, सोलापूरचं पाणी मानवलं तुम्हाला." बावीस वर्षं या कामात असलेल्या बाईला असा चेहरा कशाने होतो हे कळायला नको? दुसऱ्या कुणी अशी चूक केली असती तर मी त्याला वॉर्डभर फिरवून झोडलं असतं.

तीन आठवड्यांनी मावशी कामावर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. निरोप आला, थोडा ताप आहे, खोकला आहे, बिरप्पा आलाय मोहोळहून, काळजी नको. अंगावर पुरळ नाही म्हणाली, म्हणून मीही म्हटलं हवेचा ताप असेल. सहाव्या दिवशी बिरप्पाने तिला रिक्षातून आणलं. डोळे लालभडक, ओठ काळेनिळे, एक वाक्य पुरं बोलता येत नव्हतं. कानामागे बघितलं तर पुसट पुरळ होतं, इतकं पुसट की हात फिरवल्यावर लागलं.

ऑक्सिजन लावला. डॉक्टर गुरुराज खाटेशी आले आणि त्यांनी तेच प्रश्न सुरू केले. मावशीने हात वर करून त्यांना थांबवलं.

"म्या सांगते," ती म्हणाली. एकेक शब्दाला थांबत होती. "वय सत्तेचाळीस. लस न्हाय. साखर न्हाय. ताप येऊन सा दीस." थोडा दम घेतला. "गोवर झालाय."

"कधी झाला होता, मावशी?"

"धा वर्साची हुते. लई मोटी साथ आलती. ताप, नाक गळायचं, डोळं लाल, अंगभर फोड. तीस दगावली."

"तीस माणसं?"

मावशीने त्यांच्याकडे असं बघितलं, की एवढा शिकलेला माणूस असलं काय विचारतो. "मेंढरं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

हळूहळू कळलं ते असं. कळपाला देवी आल्या होत्या, मेंढरांना येतात त्या; घरचे त्यालाच गोवर म्हणायचे. दहा वर्षांच्या केराने आजारी कोकरं मांडीवर घेतली, फोडांना हळद-लिंब लावला, त्यांच्यात झोपली. तिला काही झालं नाही. घरच्यांनी म्हटलं, पोरीनं बाईचं देणं देऊन टाकलं, आता हिला शिवायची नाही. त्यांच्यात मेंढरांचं दुखणं आणि माणसाचं दुखणं वेगळं धरत नाहीत. कळपाला आलं म्हणजे घराला येऊन गेलं. ती खोटं बोलली नव्हती हो. मी विचारलं ते तिने तिच्या हिशेबाने अगदी खरं सांगितलं होतं. गावाबाहेर राहणाऱ्या त्या पोरीला गोवर कधी गाठ पडलाच नव्हता, आणि लस टोचणारी बाई गावात येईपर्यंत कळप पुढच्या रानात गेलेला असायचा.

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

मावशीने पदराची गाठ दाखवली. आत कागदाची पुडी, पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या. बाजारच्या दिवशी एकजण गुडघ्यांसाठी द्यायचा. वर्ष झालं, रोज दोन. खाल्ल्या की चालता येतं. डॉक्टरांनी गोळी उजेडात धरून बघितली आणि मला हळूच म्हणाले, "स्टेरॉईड. चेहरा गोल झालाय तो यानेच, आणि म्हणूनच पुरळ नीट उठलं नाही. हिच्या अंगात लढायला काही ठेवलंच नाही या गोळ्यांनी." फॉर्मवर हे असतं तर, या गोळ्या चालू असताना तिला लस देता आली नसती, पण वॉर्डातून काढता आलं असतं. धुलाईखान्यात, नाहीतर केसपेपरच्या खिडकीवर कुठेही बसवली असती.

मावशीलाही समजलं. तिला सगळी उत्तरं ठाऊक होती, आता फक्त ती तिच्या स्वतःच्या खाटेवर होती. रात्रपाळीची सिस्टर मला सांगत होती की ती शेजारच्या बाईला म्हणाली, "बाई, म्या आवघड हाय."

पाच दिवस टिकली. व्हिटॅमिन दिलं, अँटिबायोटिक दिलं, शेवटी नळी घातली. मी तिच्यावर खूप ओरडले त्या दिवसांत. "मावशी, श्वास घ्या, आळस नको," असं. नळी घालायच्या आधी तिने बोटाने वॉर्ड मोजायला सुरुवात केली होती, नवापर्यंत गेली आणि हात खाली पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गेली. मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन फाईल काढली, तिचा फॉर्म बाहेर काढला, माझ्या अक्षरातलं ते 'होय' आणि ते 'नाही' बघितलं, आणि तो हातात घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले.

बिरप्पा बाकावर बसला होता. घोंगडी खांद्यावर, फेटा मांडीवर. त्याला वॉर्डात सोडत नव्हते, काचेतूनच बघायचा. मी त्याच्या शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. हा कागद मी भरला. मी नीट विचारलं नाही. माझ्यामुळे ती त्या वॉर्डात राहिली.

त्याने कागद घेतला नाही. पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला. मग म्हणाला, "तुमी कशाला मनाला लावून घेता सिस्टर? तुमी धा डाव इचारलं असतं तरी ती झालायच म्हनली असती. आमाला बी झालाय की."

मी त्याच्याकडे वळले. "तुम्हाला? कधी?"

"तवाच. मेंढरांला आलता तवा. आमचा बी कळप हुता शेजारीच."

त्याचे डोळे लाल होते. मी मघापासून समजत होते की तो रडलाय. अकरा दिवसांपूर्वी तो त्या एवढ्याशा खोलीत येऊन हिच्या उशाशी बसला होता, आणि या बाकावर पाच दिवस माझ्या समोर होता. त्याला पाणी दिलं, चहा दिला, मास्क दिला. प्रश्न मात्र कुणीच विचारला नव्हता.

मी फॉर्म उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला त्याचं नाव लिहिलं आणि पहिल्यापासून विचारायला लागले. वय. लस. साखर. त्याने एकेकाचं नीट उत्तर दिलं.

"गोळ्या कुठल्या घेता का, मामा?"

"माज्या बी गुडघ्याला तीच तऱ्हा हाय की," तो म्हणाला आणि त्याने कोपरीच्या खिशातून तसलीच कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली.

मी त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं.