तिने चहा घेतला नाही

नोकरीतली बरीचशी प्रकरणं फायलींबरोबर बंद झाली. हे एक मात्र दुपारी, चहाच्या वेळेला, अजून उघडतं.

मी तेव्हा सोलापुरात एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. एसटी स्टँडच्या बाकावर एक बाई गुंगीत सापडली. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिला महिला आधारगृहात ठेवलं. पिशवीत लहान मुलीचा एक फ्रॉक होता. नाव-गाव काही सांगेना. कुणी म्हणालं प्यायली असेल, कुणी म्हणालं वेडसर आहे. दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या पेरूवाल्याने आमच्या शिपायाला खबर दिली. "सकाळी त्या बाईच्या कडंवर पोरगी हुती. दुपारी बगतो तर बाई आडवी, आन पोरगी न्हाय."

मूल हरवलंय म्हटल्यावर ठाण्यात कुणाला घास गोड लागत नाही. स्टँडच्या कॅमेऱ्यात गर्दीखेरीज काही दिसेना. बाईला चौकशीसाठी आणलं. माझे फौजदार तरुण, हुशार आणि तेवढेच उतावळे. त्यांचा प्रश्न एकच, "लेकरू कुणाला दिलंस?" बाई पदर तोंडात धरून बसलेली. मध्येच चहा आला. कप पुढे करताच ती मागे सरकत भिंतीला जाऊन टेकली.

"बघा साहेब, हिच्या पोटात पाप आहे," फौजदार म्हणाले. आमच्या खात्यातलं हे जुनं शास्त्र. साधा माणूस साहेबाचा चहा घेतो, लपवणारा नाकारतो. कुठल्याही कलमात ते लिहिलेलं नाही, तरी भल्याभल्यांचा त्यावर विश्वास.

त्याच आठवड्यात आमचं एक प्रशिक्षण झालं होतं. पोलीस, आधारगृहातल्या काळजीवाहिका, दवाखान्यातले समाजसेवक, सगळे एका सभागृहात. जबर धक्का बसलेल्या माणसाशी कसं वागावं, हा विषय. निम्मी मंडळी पंख्याखालची खुर्ची शोधण्यात गुंतलेली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "ज्याच्या हातून सगळं हिसकावून घेतलंय, त्याला आधी एखादी लहानशी गोष्ट स्वतः ठरवू द्या. कुठे बसायचं, काय प्यायचं, एवढंही पुरे."

माझ्या शेजारी आमच्या हवालदारबाई बसल्या होत्या. अकलूजकडच्या, अंगाने भरभक्कम, हसल्या की ठाण्याची कौलं हलावीत अशा. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "साहेब, माहेरवाशिणीला आपण आसंच इचारतो की. त्याला शिबिर कशाला?"

त्याच हवालदारबाई त्या दुपारी दारात येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, मी बसू का हिच्यापाशी?"

फौजदार बाहेर गेले. हवालदारबाईंनी दार सताड उघडं ठेवलं आणि खुर्ची सोडून फरशीवर बसल्या. कप स्वतःच दूर सारला. "च्या नको? ऱ्हाऊ दे. मग काय पायजे?"

मी खिडकीशी कागद चाळत असल्याचं सोंग करत होतो. मग प्रथमच तिचा आवाज ऐकू आला.

"पाणी. पर माजं मी घेती."

ती उठली, कोपऱ्यातल्या माठाशी गेली. तांब्या विसळला, वास घेतला, पुन्हा विसळला. मग पाणी काढून उभ्या उभ्याच प्यायली. हवालदारबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच आलं होतं.

"तुला त्या दिशी च्या कुनी दिला हुता गं?"

ती हंबरडा फोडून रडली. सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली ती सून, माहेर करमाळ्याकडे, जेऊरजवळ. करमाळ्याच्या गाडीची वाट बघताना शेजारी एक जोडपं येऊन बसलं होतं. त्यांनी थर्मासमधला चहा दिला.

"लई ग्वाड बोलायची ती बया. माज्या चिमीला मांडीवर घिऊन 'बंगारी, बंगारी' म्हनायची. परक्याच्या हातचं मी पिले. आता घरी काय सांगू? माजंच चुकलं की."

"तुजं काय बी चुकलं न्हाय," हवालदारबाई म्हणाल्या. "च्या देनाऱ्याचं चुकलं."

बंगारी म्हणजे कानडीत सोनुली. त्यावरून आम्ही कानडी मुलखाला लागून असलेल्या अक्कलकोटकडे वळलो. गुन्हा नोंदवून त्या मार्गावरच्या वाहकांना विचारायला सुरुवात केली. एकाला आठवलं, जोडपं आपसात कानडी बोलत होतं आणि कडेवरची पोर मराठीत आईला हाका मारत होती. ते ज्या फाट्यावर उतरले तिथून जवळच्याच एका वस्तीवर चिमी सापडली. सुखरूप होती. जोडप्याला मूलबाळ नव्हतं. पोरीच्या हातात नव्या बांगड्या होत्या. अटक करताना जोडप्यातली बाईही ओक्साबोक्शी रडली. आमच्या कामात असंही बघावं लागतं.

बालकल्याण समितीच्या आदेशाने आधारगृहात आई-लेकीची भेट झाली. चिमी इतकी भेदरलेली, की महिला शिपायाचा गळा सोडेना. आई धावत आली आणि मध्येच थांबली. तिने लेकीला ओढलं नाही. जिथे होती तिथेच खाली बसली, फ्रॉक पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "चिमे, येतीस का? तुजी तू ये."

पोर खाली उतरली, फ्रॉक उचलला आणि हळूहळू चालत आईच्या कुशीत शिरली. आमचे फौजदार भिंतीकडे तोंड करून उभे होते.

विचारायचं कसं ते मला खात्याने शिकवलं. थांबायचं कसं ते हवालदारबाईंनी आणि त्या आईने शिकवलं. आता मी निवृत्त आहे. आधारगृहात नव्याने लागलेल्या मुला-मुलींना शिकवायला बोलावतात, तेव्हा हीच हकिकत सांगतो आणि कोपऱ्यात एक माठ ठेवायला लावतो. हवालदारबाई आज नाहीत. निवृत्तीनंतर फार दिवस लाभले नाहीत त्यांना. चहाच्या वेळेला घर गप्प असतं, तेव्हा त्यांचं ते गडगडाटी हसू फार हवंसं वाटतं. ते ठाणं, तो माठ, सगळंच.

आणि तो चहाही. भेटीच्या दिवशी करमाळ्याच्या गाडीला अजून अवकाश होता. चिमी आईच्या मांडीवर झोपली होती. तिच्या केसांतून हात फिरवत आई म्हणाली, "हवालदारबाई, आता च्या टाका की. तुमच्या हातचा पिऊन जाती."