बेइरातला स्वयंपाकी

शनिवार उजाडला की बाबांना चैन पडत नाही. गुडघ्याच्या फिजिओथेरपीची वेळ अकराची आणि हे आठलाच शर्ट घालून दारात. आमच्या शारजातल्या रोल्ला भागातल्या इमारतीचा नातूर, म्हणजे वॉचमन, त्यांना हात धरून गाडीपर्यंत आणतो आणि मी ट्रॅफिकला शिव्या देत बर दुबईकडे निघते.

गुडघा हे निमित्त. फिजिओथेरपिस्ट मोझांबिकची, त्यातही थेट बेइरा शहरातली, जिथे बाबा जन्मले. पोर्तुगीज गेले, देश स्वतंत्र झाला, तेव्हा आजोबा कापडाचं दुकान सोडून सगळ्यांना घेऊन गोव्याला परतले. पन्नास वर्षांनी बाबांना पोर्तुगीज बोलायला कुणीतरी मिळालं होतं. मला त्यातलं अक्षर कळत नाही. मी आपली येरझाऱ्या घालते.

त्या शनिवारी ती आम्हा दोघांना इंग्रजीत म्हणाली, सुट्टीवर घरी चाललेय. बाबांनी तिचा हातच धरला. काय सांगताहेत ते मला न कळताही कळलं, इतक्यांदा मी ते ऐकलंय. घरच्या स्वयंपाक्यानं त्यांना सायकलवरून शाळेत नेलं, लहानाचं मोठं केलं. निघायच्या दिवशी तो बाबांना वाटेत खायला काजू आणायला बाजारात गेला. टॅक्सी लवकर आली आणि बाबा थांबले नाहीत. तिनं त्याला, नाहीतर त्याच्या मुलांना शोधून बाबांचा निरोप द्यायचा होता, माझं चुकलं.

ती फोनवर लिहून घेत होती. गल्ली, दुकान, चर्चमागचं घर. मग मलाही कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाली, "अँड हिज नेम, सर?"

बाबा अडखळले. "रपाझ." मग माझ्याकडे न बघता मराठीत, "म्हणजे पोरगा. केस पिकले होते त्याचे, तरी सगळे तेच म्हणायचे."

तिनं फोन बाजूला ठेवला. "इट्स ओके," म्हणत गुडघ्याला पट्टा बांधू लागली. मला आधी तिचा राग आला, मग बाबांचा.

परतताना शारजाच्या रस्त्यावर गाड्या तुंबलेल्या. मी दोनदा उगाच हॉर्न वाजवला. "सोडा ना बाबा. तेव्हा तशीच पद्धत होती."

 ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपल्या नातूरचं नाव काय गं?"

अकरा वर्षं त्यानं माझ्या सामानाच्या पिशव्या वर आणल्यात.

"चाचा," मी म्हटलं.

"नाव विचारलं मी."

इमारतीखाली तो उभा होताच, बाबांना उतरवायला हात पुढे करून. मी काच खाली केली. अकरा वर्षांनंतर कसं विचारायचं, ते मला सुचेना.