रामघाटाच्या पायऱ्या चढणारी मास्तरीण

साठीची असताना मी फार परोपकारी होते, म्हणजे न विचारता लोकांचे हात धरायची. रामघाटाच्या पायऱ्या एक तरुण मास्तरीण रोज काठी टेकत चढायची. एकदा मी तिचा दंड धरून ओढलाच.

"सावकाश, काकू," ती हसून म्हणाली. "माझ्या हाडांत आणि प्लीहेत पाण्यानं भरलेल्या गाठी आहेत. दुर्मीळ आजार आहे. ओढलंत तर हाड मोडेल, मग उद्या फळ्यावर तुम्हीच लिहा."

मी ओशाळले. "मग करू काय?"

"नुसत्या उभ्या राहा. कोणी कोणाला धरायचं, ते मी ठरवते."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ती चढली. वर पोचल्यावर धाप मला लागली होती, आणि शाळेला उशीर होत असूनही ती माझ्यासाठी थांबली होती.